सेंड आणि रिटर्नच्या मधली घरघर

या अंकासाठी आलेले प्रश्न गिटार ॲम्पच्या इफेक्ट्स लूपबद्दल आहेत. ज्यांनी लूप वापरलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: ॲम्पच्या पाठीमागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात. प्रीॲम्पमधून (सूर घडवणाऱ्या पहिल्या भागातून) तयार झालेला सिग्नल सेंडमधून बाहेर पडतो, डिले-रिव्हर्बसारख्या पेडलांमधून फिरतो आणि रिटर्नमधून पॉवर ॲम्पकडे (स्पीकर चालवणाऱ्या भागाकडे) परत जातो. पत्रं थोडी कमी करून दिली आहेत.

प्रश्न: माझा ५० वॉटचा ट्यूब ॲम्प आहे. लूप रिकामा असला की ॲम्प शांत असतो. लूपमध्ये डिले आणि रिव्हर्ब लावले की जाड हमिंग सुरू होतं. ट्यूनर, वाह आणि ओव्हरड्राइव्ह इनपुटच्या बाजूला आहेत. सगळ्या पेडलांना ९ व्होल्टचा एकच अडॅप्टर, पाच फाट्यांच्या वायरने. एका दुकानात सांगितलं केबल बदला, दुसऱ्या दुकानात सांगितलं ट्यूब बदला. आधी काय करू? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: केबल आणि ट्यूब दोन्ही आहेत तशाच राहू द्या. पुढची पेडलं आणि लूपमधली पेडलं एकाच अडॅप्टरवर आहेत, बहुतेक तिथेच गोम आहे. तरी खर्च करण्याआधी खात्री करून घ्या.

पहिल्यांदा आवाजाचा सूर ओळखा. गिटारच्या सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट वाजवा. तो सूर ९८ हर्ट्झचा. हमिंग त्याच सुराला जुळत असेल तर ते १०० हर्ट्झचं, म्हणजे ॲम्पच्या किंवा अडॅप्टरच्या डीसी सप्लायमध्ये फिल्टरिंग कमी पडतंय. हमिंग त्याच्या बरोबर एक सप्तक खाली असेल तर ते ५० हर्ट्झचं. ते घराच्या लाइनमधून, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा ग्राउंड लूपमधून (ग्राउंडच्या तारांचं बंद वेटोळं, इफेक्ट्स लूप नव्हे) येतं. लहान स्पीकरमध्ये ५० हर्ट्झ नीट ऐकू येत नाही, म्हणून घाईने निर्णय नको, दोन-तीनदा वाजवून तुलना करा.

आता गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, ॲम्पचा मास्टर नेहमीच्या जागी. लूपमधून सगळं काढा आणि ऐका. मग एकच छोटी पॅचकॉर्ड सेंडमधून थेट रिटर्नमध्ये लावा. आवाज वाढला नाही तर ॲम्पचा लूप ठीक आहे. त्यानंतर लूपमध्ये एकटा डिले लावा, पण त्याला वेगळा अडॅप्टर द्या. बरेच डिजिटल डिले बॅटरीवर चालत नाहीत, तुमचा चालत असेल तर बॅटरीच घाला. इथपर्यंत शांतता राहिली आणि पाच फाट्यांच्या वायरचं टोक डिलेला जोडताच हमिंग परत आलं, तर दोष सापडला. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल आणि अडॅप्टर एकदम बदललात तर फरक कशाने पडला ते कळत नाही आणि आठवड्याने तोच त्रास पुन्हा समोर येतो.

हे होतं कसं? ॲम्पच्या चेसिसपासून (धातूच्या सांगाड्यापासून) सेंडच्या केबलचं शील्ड, म्हणजे बाहेरचं तारेचं वेष्टण, डिलेपर्यंत जातं. तिथून अडॅप्टरच्या वायरचं निगेटिव्ह ओव्हरड्राइव्हला मिळतं, आणि ओव्हरड्राइव्हच्या केबलचं शील्ड इनपुटच्या जॅकमधून परत त्याच चेसिसला येऊन भिडतं. म्हणजे तारेचं एक मोठं वेटोळं तयार झालं, खोलीभर पसरलेलं. ॲम्पच्या मेन ट्रान्सफॉर्मरचं आणि भिंतीतल्या वायरिंगचं ५० हर्ट्झचं क्षेत्र या वेटोळ्यात करंट फिरवतं. तो करंट शील्डमधून जातो, शील्डच्या दोन टोकांत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि पॉवर ॲम्प त्यालाही सिग्नल समजून वाढवतो. वेटोळं जेवढं रुंद, तेवढं हमिंग जास्त. म्हणून सेंड आणि रिटर्नच्या केबल एकमेकींना चिकटवून, दर फुटावर पट्टी मारून न्या. इनपुटची केबलही त्याच जुडग्यात घेतली तर आणखी फरक पडतो. मात्र जास्त गेनवर शिट्टी यायला लागली तर ती तेवढी वेगळी काढा.

कायमचा इलाज म्हणजे आयसोलेटेड आउटपुटचा पॉवर सप्लाय, प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र वाइंडिंग किंवा स्वतंत्र कन्व्हर्टर असलेला. इथे फसगत फार होते. आठ आउटपुट दिसले म्हणजे ते आयसोलेटेड असतातच असं नाही. आत बऱ्याचदा एकाच आउटपुटचे आठ फाटे काढलेले असतात. दुकानात मल्टिमीटर घेऊन जा. सप्लायचा प्लग काढलेला, पेडल एकही जोडलेलं नाही, अशा स्थितीत मीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि दोन वेगवेगळ्या आउटपुटच्या निगेटिव्हवर एकेक प्रोब टेकवा. बीप वाजला तर आयसोलेशन नाही, परत ठेवा. करंटही बघा. साध्या ओव्हरड्राइव्हला ५ ते १० मिलिॲम्पिअर पुरतात, डिजिटल डिले-रिव्हर्बला १०० ते ३०० लागतात. कमी क्षमतेच्या आउटपुटवर डिजिटल पेडल लावलं की बारीक, उंच सुराची शिट्टी येते, आणि तिचा दोष लोक विनाकारण केबलला देतात.

नवा सप्लाय आत्ता शक्य नसेल तर लूपमधल्या दोन पेडलांना दुसरा अडॅप्टर द्या, बहुतेकदा एवढ्यावर भागतं. त्यानंतरही थोडं उरलं तर सेंडच्या केबलमध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, १० किलोओम ते १० किलोओमचा. ६०० ओमचा घेतलात तर काही ॲम्पच्या सेंडवर भार पडून खर्ज पातळ होतो. ट्रान्सफॉर्मरच्या डबीत दोन्ही बाजूंचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं नसावं, नाहीतर तो घालून उपयोग नाही. सोल्डरिंग येत असेल तर आणखी एक सोपा मार्ग आहे: सेंडच्या केबलचं शील्ड पेडलकडच्या टोकाला सोडवा, ॲम्पकडच्या टोकाला तसंच ठेवा. पेडलला ग्राउंड रिटर्नच्या केबलमधून मिळतं. अशा केबलवर लाल टेप लावून ठेवा. ती चुकून गिटारला लावली तर ग्राउंड तुटून कान फाटतील एवढा आवाज येईल.

एक राहिलं. तुमचा वाह जमिनीवर ॲम्पच्या अगदी शेजारी असतो का? त्यातला इंडक्टर ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र थेट ओढून घेतो. तो दीड-दोन फूट सरकवा आणि फिरवून बघा. एका ठरावीक कोनात हमिंग एकदम खाली जातं.

प्रश्न: लूपमध्ये मी काहीच लावत नाही. तरी पावसाळ्यात ॲम्पचा आवाज वाजता वाजता अर्ध्यावर येतो, खरखरतो, आणि वरून थाप मारली की पूर्ववत होतो. ट्यूब खराब झाली का? — एक वाचक, शिराळा

उत्तर: ट्यूब नव्हे, रिटर्नचा जॅक. लूप रिकामा असतो तेव्हा सिग्नल सेंडकडून रिटर्नकडे जातो तो रिटर्न जॅकच्या आतल्या एका छोट्या स्प्रिंगच्या पातीवरून. प्लग घातला की ती पाती उचलली जाते आणि आतली वाट बंद होते. तुम्ही लूप वापरत नाही, म्हणून ती पाती वर्षानुवर्षं हललेली नाही. शिराळ्याच्या दमट हवेत तिच्यावर काळपट थर चढतो आणि संपर्क तुटक होतो.

खात्री एका मिनिटात होते. सेंड ते रिटर्न छोटी केबल लावा. आवाज भरून आला आणि खरखर थांबली तर निदान पक्कं. शो तोंडावर असेल तर ती केबल तशीच राहू द्या, काही बिघडत नाही.

साफसफाईसाठी ॲम्प बंद करा, प्लग भिंतीतून काढा. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर जॅकमध्ये एकदाच फवारा, प्लग दहा-पंधरा वेळा आतबाहेर करा, पंधरा मिनिटं वाळू द्या. क्लीनर नसेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, प्लगला लावून. बिजागरीला मारायचा तेलाचा स्प्रे नको. त्याचा चिकट थर राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात धूळ धरतो. सॅंडपेपर तर अजिबात नको, पातीवरचं प्लेटिंग निघून गेलं की गंज कायमचा. दोन महिन्यांत त्रास परतला तर स्प्रिंग ढिली झाली आहे, जॅक बदला. जुना जॅक सोबत नेऊन पायांची रचना जुळवूनच नवा घ्या, कारण बोर्डवर बसणारे स्विच्ड जॅक दिसायला सारखे असतात पण पाय वेगळे. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असे जॅक सुटे मिळतात.

प्रश्न: लूपमधल्या ॲनालॉग डिलेचा आवाज फाटतो. त्याचा आवाज कमी केला तर हिस वाढतो. पेडल नवीन आहे. — एक वाचक, कुपवाड

उत्तर: पेडल नवीन असलं तरी लेव्हल जुळत नाही. लूप दोन पातळ्यांचे असतात. काही उणे १० डीबीव्हीचे, म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट, काही अधिक ४ डीबीयूचे, म्हणजे १.२३ व्होल्ट. दुसरी पातळी स्टुडिओतल्या रॅक यंत्रांसाठी आहे. १.२३ व्होल्ट ही सरासरी झाली. जोरात मारलेल्या कॉर्डचा पहिला ठोका त्याच्या कितीतरी वर उडतो. ९ व्होल्टवर चालणारं पेडल शिखरापासून शिखरापर्यंत फार तर ६-७ व्होल्ट सहन करतं, ॲनालॉग डिलेची चिप त्याहून कमी. मग ते फाटणारच.

ॲम्पच्या मागे लेव्हलचा स्विच असेल तर तो उणे १० वर करा. प्रश्न तिथेच संपेल. स्विच नसेल तर मोजून बघा. फोनमधून ४०० हर्ट्झचा सूर काढा, इनपुटला १०० मिलिव्होल्ट भरेल एवढा ठेवा, ॲम्पचा मास्टर शून्यावर, गेन आणि चॅनेल व्हॉल्यूम नेहमीच्या जागी, आणि सेंडवर मीटरने एसी व्होल्ट बघा. साधा मीटर ४०० हर्ट्झपर्यंत विश्वासाने मोजतो, त्यावर नाही. ट्यूब ॲम्पला स्पीकर जोडलेला असलाच पाहिजे, मास्टर शून्यावर असला तरी. सेंडवर एक व्होल्टच्या वर दिसलं तर पॅड, म्हणजे लेव्हल उतरवणारे दोन रेझिस्टर, लावा: सेंडच्या टिपमध्ये (प्लगच्या टोकाच्या तारेत) ओळीने १० किलोओम, आणि त्याच्या पुढून ग्राउंडला ४.७ किलोओम. लेव्हल सुमारे १० डेसिबलने उतरते. पाव वॉटचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, प्लगच्या पोटातही बसतात.

आता हिसबद्दल. काही जण ४.७ च्या जागी १ किलोओम लावून २० डेसिबल उतरवतात आणि मग रिटर्नचा नॉब पुरा फिरवतात. सिग्नल अकरापट लहान करून पुन्हा अकरापट मोठा केला की पेडलचा स्वतःचा हिसही अकरापट होतो. तुमचा हिस तिथूनच येतोय. पेडल फाटण्याच्या जरासं खाली राहील एवढाच उतार द्या, जास्त नको. लूप पॅरलल असेल तर पेडलचा मिक्स पूर्ण वेट (फक्त इफेक्टचा आवाज) ठेवा. कोरडा सूर ॲम्पमधून येतच असतो, तो पेडलमधूनही आला तर दोन्ही मिसळून आवाज पोकळ होतो.

प्रश्न: गणेशोत्सवात मांडवात वाजवतो. घरी शांत असलेला रिग तिथे भयंकर बझ करतो. साउंडवाल्याने ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढायला सांगितली. काढली की बझ खरंच जातो. काढून ठेवू का? — एक वाचक, तासगाव

उत्तर: नाही. आज रात्रीच पिन परत बसवा, त्याशिवाय तो ॲम्प चालू करू नका.

अर्थ तुटला की ॲम्पच्या आतली एखादी फेज चेसिसला लागली तरी फ्यूज उडत नाही. चेसिस जिवंत होतं, केबलच्या शील्डमधून गिटारचा ब्रिज आणि तारा जिवंत होतात, आणि तुमचा हात तारांवर असताना ओठ माइकच्या जाळीला लागतात. माइकला मिक्सरमधून चांगला अर्थ आहे. २३० व्होल्ट हातातून छातीतून ओठाकडे जातात. असे मृत्यू जगभर स्टेजवर झाले आहेत, पावसाळी ओल्या मांडवात धोका आणखी वाढतो. पिन काढल्याने बझ जातो याचा अर्थ दोन ठिकाणच्या अर्थमध्ये फरक आहे. तो फरक दूर करायचा, अर्थ नव्हे.

वाजवण्याआधी मल्टिमीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवून बोर्ड तपासा. समोरून बघताना वरची मोठी पिन अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जनरेटरवर दोन्ही तारांपासून अर्थपर्यंत शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसले तर जनरेटरचा न्यूट्रल अर्थला बांधलेलाच नाही. ते काम जनरेटरवाल्याने करायचं, तुम्ही नाही. अर्थचा रॉड नुसता मुरमात ठोकलेला असेल तर तिथे पाणी आणि मीठ घालायला सांगा.

मग ॲम्प, पेडलांचा सप्लाय आणि मिक्सर एकाच बोर्डवरून, एकाच फेजवर घ्या. मिक्सर लांब असेल तर स्टेजपर्यंत त्याच बोर्डची जाड एक्स्टेन्शन ओढा. एलईडी पार (स्टेजचे लाइट) आणि डिमर दुसऱ्या फेजवर टाका. बझ लाइट कमी-जास्त करताना बदलत असेल तर दोष त्यांचाच. लाइटच्या वायरी सिग्नलच्या केबलशेजारून नेऊ नका, ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा. ॲम्पमधून मिक्सरकडे लाइन जात असेल तर मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) घाला आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबा. त्याने फक्त सिग्नलचं ग्राउंड तुटतं, विजेचं अर्थ शाबूत राहतं. शेवटी मीटरचा एक प्रोब गिटारच्या तारांना, दुसरा माइकच्या जाळीला टेकवा. काही व्होल्टच्या वर दिसलं तर कार्यक्रम थांबवून कारण शोधा. बोर्डवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा. मंडळाकडे तो मागताना संकोच करू नका.

दोन पिनच्या लॅपटॉप अडॅप्टरमुळेही असाच बझ येतो. आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे त्याचं आउटपुट मेनच्या निम्म्या व्होल्टवर तरंगतं, हाताला मुंग्या येतात. बॅकिंग ट्रॅक लॅपटॉपवरून असेल तर आधी तो बॅटरीवर चालवून बघा.

प्रश्न: लूपमध्ये फक्त पॅचकॉर्ड असतानाही हमिंग आहे. पेडलं नाहीत, गिटार नाही. आता ॲम्प उघडू का? — एक वाचक, मिरज

उत्तर: उघडण्याआधी अजून एक चाचणी. एक सुटा प्लग घ्या, टिप आणि स्लीव्ह (टोक आणि दांडा) तारेने जोडून टाका आणि रिटर्नमध्ये लावा. आता पॉवर ॲम्पला प्रीॲम्पकडून काहीच मिळत नाही. हमिंग तसंच राहिलं तर दोष रिटर्नच्या पुढे आहे: पॉवर ट्यूब, त्यांचा बायस किंवा फिल्टर कपॅसिटर. हमिंग गेलं तर दोष प्रीॲम्पमध्ये किंवा सेंडच्या ड्रायव्हर ट्यूबमध्ये. ट्यूबचा लूप असेल तर तिथे बहुधा १२ए-एक्स-७ असते. ॲम्प चालू असताना लाकडी पेन्सिलीच्या टोकाने प्रत्येक ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. एखादी स्पीकरमधून टणत्कार करत असेल तर ती मायक्रोफोनिक झाली आहे. ॲम्प बंद करून गार होऊ द्या आणि तेवढी एक बदला.

सूर १०० हर्ट्झचा असेल आणि ॲम्प पंधरा-वीस वर्षांचा असेल तर फिल्टर कपॅसिटर वाळले असण्याची शक्यता मोठी. ते काम घरी करू नका. ट्यूब ॲम्पमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढून देणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण ट्यूबच्या आत काम करणारा माणूस शोधावा लागतो. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ किंवा जुने पीए ॲम्प दुरुस्त करणारा कारागीर गाठा. त्याला कपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात घालायची सवय असते. कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टेजला मूळच्या इतका किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअसचा मागा.

प्रश्न: २०१९ च्या पुरात ॲम्प भिजला होता. वाळवून माळ्यावर ठेवला. आता चालू करून लूप तपासावा म्हणतो. — एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर: चालू करू नका. पुराचा गाळ वाळला तरी बोर्डवर राहतो, हवेतला ओलावा शोषतो आणि दोन ट्रॅकमध्ये करंट झिरपवतो. लूपमधली खरखर हा त्याचा सौम्य परिणाम. जळलेला ट्रान्सफॉर्मर हा मोठा. आधी कारागिराकडून ट्रान्सफॉर्मरचा इन्सुलेशन रेझिस्टन्स ५०० व्होल्टच्या मेगरने मोजून घ्या. प्रायमरी ते चेसिस २ मेगाओमच्या खाली आला तर ट्रान्सफॉर्मर बाद. ठीक आला तर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुऊन, सगळे जॅक आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नवे घालून, मग मेनमध्ये ओळीने ६० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब लावून पहिल्यांदा वीज द्यायची. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा, पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. स्पीकरचा कागदी कोन भिजून वाकला असेल तर तो वाचवत बसू नका.

प्रश्न: पेडलबोर्ड ॲम्पपासून लांब ठेवायचा आहे. लूपच्या केबल किती लांब चालतील? — एक वाचक, विटा

उत्तर: ॲम्पचा सेंड बफर केलेला (कमी इम्पीडन्सने सिग्नल पुढे ढकलणारा) आहे की नाही त्यावर. केबलचा कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. जाताना पाच आणि येताना पाच मीटर, म्हणजे १००० पिकोफॅरड. पेडल बायपासवर (बंद) असेल आणि ट्रू बायपासचं, म्हणजे बंद असताना सिग्नल सरळ पुढे सोडणारं, असेल तर हा सगळा भार सेंडवर येतो. सेंडचा इम्पीडन्स १ किलोओम असेल तर कानाला काहीही जाणवणार नाही. बफर नसलेल्या, ५० किलोओमच्या सेंडवर ३ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज गळायला लागतो, गिटार ब्लॅंकेटखाली ठेवल्यासारखी बसकी होते आणि हमिंगही सहज शिरतं. अशा ॲम्पला सेंडच्या जवळ, पहिल्या फूटभराच्या केबलनंतर लगेच बफर पेडल लावा. त्यापुढे दहा मीटरही चालेल.